विषाणूच्या विटेवरची खाच

विषाणूचं कवच मी लाकडात केलेलं आहे. एक नव्हे, लहानमोठी मिळून तीसेक तरी. आमच्या चेन्नईच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींना हे कुठून तरी कळलं आणि ते घरी येऊन बसले. म्हणाले, "मेस्त्री, यंदाच्या दिवाळी अंकात तुमचं पाहिजे." मी म्हटलं, मी चौथीपर्यंत गेलेला माणूस, तीही परीक्षा न देता सोडलेली. ते म्हणाले, "मग नातीला सांगा, ती लिहून घेईल." आमची नात मराठी बोलते, पण निम्मं वाक्य तमिळमध्ये जाऊन येतं. तिसऱ्या ओळीला तिला जांभई आली तेव्हा मी वही काढून घेतली. तेव्हा हे सगळं माझ्या हातचं आहे. हात आता थरथरतो, डोळे तासाभरात पाणी काढतात, आणि खरं सांगायचं तर जुनं उकरायचा कंटाळाही येतो. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगून मोकळा होतो.

मेस्त्री म्हणजे मिस्त्री. इकडे असंच म्हणतात. चेन्नईत आल्यापासून माझं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणी घेतलं असेल.

मी मूळचा कोल्हापूरच्या फाउंड्रीतला पॅटर्नमेकर. हे काम बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. पाण्याचा लोखंडी पंप ओतायचा असेल तर आधी तो तसाच्या तसा लाकडात करतात. ते लाकूड वाळूत दाबायचं, अलगद काढायचं, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लाकूड करणारा तो पॅटर्नमेकर. एका लाकडावर हजार पंप निघतात, आणि त्या लाकडात एक ओरखडा राहिला तर तो हजार पंपांवर उठतो. माझे गुरू भंगाराच्या ढिगातून एखादं कास्टिंग उचलायचे, त्यावरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, हे अमक्याच्या हातचं. चांगल्या कामावरून नव्हे, चुकीवरून. नीट काम सगळ्यांचं सारखंच दिसतं. चूक ज्याची त्याची असते.

मेव्हणा चेन्नईजवळ आवडी गावाला संरक्षणखात्याच्या कारखान्यात होता. त्याच्या भरवशावर मी इथे आलो. कारखान्यात शाळेचा दाखला मागितला, तो नव्हता. मग कोणी तरी सांगितलं की शहरात एका संशोधन संस्थेला लाकडाची मॉडेलं करणारा माणूस हवा आहे. तिथल्या सरांनी माझ्यापुढे एक बटाटा ठेवला. म्हणाले, "हा लाकडात कर." दोन दिवस लागले. बटाट्याचे डोळे, एका बाजूचा दबलेला भाग, कुदळीचा लागलेला घाव, सगळं केलं आणि वर मातीचा रंग दिला. सरांनी दोन्ही बटाटे हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, यातला सांबारात कुठला टाकाल? हेडक्लार्कनं माझा उचलला. मला दाखला कोणी विचारला नाही.

त्या खात्यात विषाणूंची घडण तपासायचे. विषाणू म्हणजे आत थोडा मजकूर आणि बाहेर एक पेटी. मजकूर इतका तोकडा असतो की त्यात मोठ्या पेटीचं वर्णन मावत नाही. मग निसर्ग काय करतो, एकाच विटेचं वर्णन लिहितो आणि त्याच विटा शेकड्यांनी काढून पेटी बांधतो. एक पॅटर्न आणि हजार पंप, हे मला शिकवावं लागलं नाही.

पण पहिल्याच पेटीला मी सरांशी भांडलो. त्यांनी त्रिकोणी फळ्या करायला सांगितल्या होत्या, वीस बाजूंची पेटी. बारा कोपऱ्यांवर पाच पाच त्रिकोण एकत्र यायचे, बाकी सगळीकडे सहा सहा. मी म्हटलं, हे पाचाचं लफडं कशाला? सगळीकडे सहाच ठेवू, एक माप, एक कोन, काम निम्म्यात होईल. सर म्हणाले, "ठेव." मी चार दिवस खपून त्रिकोण जोडत गेलो. सहा जोडले, सपाट. आणखी जोडले, तरी सपाट. सागवानाचं चांगलं पाटाएवढं तावदान झालं, पण वळायचं नाव घेईना. सर चहाचा कप घेऊन आले, तो कप त्या सपाटीवर ठेवला आणि म्हणाले, "टेबल छान झालंय, मेस्त्री." तेव्हा मी एका कोपऱ्यातला एक त्रिकोण काढला आणि उरलेले पाच ओढून जुळवले. लाकूड आपोआप उचललं गेलं, वाटीसारखं. बारा ठिकाणी असं केलं की पेटी मिटते. अकरा ठिकाणी केलं तर मिटत नाही. मी दोन्ही करून बघितलंय. सांगून मला पटत नाही, हा माझा दुर्गुण.

आता विटेबद्दल. खरं काम विटेचं होतं. एकेक वीट म्हणजे एक लांबलचक धागा घडी घालून बसवलेला. घडी कशी असते ते कॉम्प्युटरमधून नकाशाच्या रूपानं यायचं. डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात ना, तशा रेषा, आणि एकेका कागदावर विटेचा एकेक पातळ काप. कागदावरची रेषा मी पत्र्यावर उतरवायचो, पत्रा कापून फर्मा करायचो, फर्म्यावरून शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळ्या कापायचो आणि त्या एकावर एक चिकटवायचो. शिवणीला इकडे कुमिळ म्हणतात, कोरायला लोण्यासारखी. एका विटेला चाळीसच्या वर फर्मे लागायचे. तीन विटा मिळून सहा कोपऱ्यांची एक फरशी होते, तेव्हा प्रत्येक फर्म्यावरून तीन तीन फळ्या. फर्मे मी कधी टाकले नाहीत. भिंतीला खिळे मारून नंबरवार टांगायचो.

सेल्वी आली तेव्हा माझी पंधराएक वर्षं झाली असतील. पीएच.डी. करायला आलेली मुलगी, मदुराईकडची, वडील पोस्टात. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं तर ती म्हणाली, "मेस्त्री, मॅडम म्हणाल तर मी तुम्हाला सर म्हणेन, मग आपलं दोघांचंही काम होणार नाही." आमचं बोलणं सगळं तमिळमध्ये, इथे मराठी करून लिहितो.

तिला जंतूंना होणारा विषाणू हवा होता. होय, जंतूंनाही विषाणू होतात. तिला तो कोमट पाण्यातल्या जंतूंचा पाहिजे होता, म्हणून आम्ही बसनं एन्नोरला गेलो, खाडीवर, वीजकेंद्राचं गरम पाणी जिथे येऊन पडतं तिथे. मी कॅन धरायला. एक कोळीण टोपली उतरवून आमच्याकडे बघत बसली. म्हणाली, "अगं पोरी, मासे सोडून हे पाणी नेतेस होय? आमच्याकडे न्यायला एवढंच उरलंय का?" सेल्वी म्हणाली, "यात मला पाहिजे ते आहे, आक्का." कोळीण म्हणाली, "असेल बाई, सगळ्यांनी आपापलं सोडलंय त्यात." कॅनभर पाण्यातून दीड वर्षांनी सेल्वीच्या हाती एक विषाणू लागला, आणि त्याच्या विटेचा एक धूसर नकाशा.

धूसर, पण बांधणी ओळखू येत होती. विटेत दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी उभ्या. प्रत्येक गुंडाळीत धाग्याच्या आठ पट्ट्या, चार या भिंतीत, चार समोरच्या. धागा कुठल्या भिंतीतून कुठल्या भिंतीत जातो, त्याचा एक ठरलेला क्रम. ती मला नकाशावर बोट फिरवून दाखवायची आणि मी मान डोलवायचो. एक दिवस ती दुसरा नकाशा घेऊन आली, परदेशातल्या कोणी काढून छापलेला. माणसाचे डोळे येतात, घसा बसतो, त्या विषाणूची वीट. ती आकारानं बरीच मोठी, वर उंच बुरूज. पण बुरूज झाकला की खाली त्याच दोन गुंडाळ्या. तोच क्रम.

"मेस्त्री," ती म्हणाली, "दोघांचा मजकूर अक्षर अक्षर लावून बघितला. काही म्हणता काही जुळत नाही. एक जंतूत राहतो, एक माणसाच्या घशात. मग वीट एक कशी?"

मी म्हटलं, "मजकूर झिजतो. बांधणी झिजत नाही, झिजली तर पेटी मिटणार नाही."

मग मी तिला फाउंड्रीची गोष्ट सांगितली. दोन गावांत दोन पंप सापडले, दोन्हीवर वेगळ्या कंपनीचं नाव, रंग वेगळा, माप वेगळं. पण दोन्हींवर एकाच जागी एकच चूक असेल तर समजायचं, लाकूड एकच. सारखं काम योगायोगानं होईल, सारखी चूक योगायोगानं होत नाही.

तिनं हे वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य पीएच.डी.च्या वहीत. घरी येऊन मी बायकोला चारदा सांगितलं.

यातलं मोठेपण असं की जंतू आणि आपण यांचे रस्ते फुटले त्याला अब्जावधी वर्षं झाली. दोघांच्या विषाणूंची वीट एकाच पॅटर्नची असेल, तर तो पॅटर्न रस्ते फुटायच्या आधीचा. म्हणजे झाड नाही, मासा नाही, आपण तर नाहीच, नुसत्या पेशी होत्या, तेव्हाही या विटांच्या पेट्या फिरत होत्या. हे कोणी दगडावर कोरून ठेवलेलं नाही. विटेच्या घडीवरूनच ओळखायचं. सर म्हणायचे, सगळे विषाणू एका घराण्याचे नाहीत, दुसऱ्या घडीच्या विटांचंही एक मोठं घराणं आहे. पण सेल्वीचं म्हणणं या घराण्यापुरतं होतं आणि ते त्या वेळी धाडसाचं होतं. जे दाखवायचं ते डोळ्यांना दिसेल असं दाखवायला हवं होतं. म्हणून दोन्ही विटा लाकडात करायच्या ठरल्या.

बाहेरदेशीचे एक मोठे पाहुणे येणार होते. या विषयातला जुना माणूस. सेल्वीचं काम त्यांना पसंत पडलं तर ते तिला दोन वर्षांसाठी आपल्या प्रयोगशाळेत नेणार होते. एकच जागा होती, आणि तिच्यासारखे तीनचार जण देशभर उभे होते. सेल्वी मला म्हणाली, "मेस्त्री, माझं सगळं तुमच्या विटांवर आहे." हसत म्हणाली, पण गमतीत म्हणाली नाही.

पहिली वीट, एन्नोरच्या पाण्यातली, मी जीव ओतून केली. दुसरीला वेळ कमी उरला. खालच्या भागाचे काप पत्र्यावर उतरवायला घेतले तर बरेचसे पहिल्या विटेसारखेच. फरक असला तर आगकाडीएवढा, कधी त्याहूनही कमी. भिंतीवर पहिल्या विटेचे फर्मे टांगलेले. तयार फर्मा असताना नवीन पत्रा कापतो तो कारागीर नव्हे. फाउंड्रीत हेच अक्कल म्हणून शिकवतात. मी अकरा फर्मे भिंतीवरून काढले आणि त्यावरूनच दुसऱ्या विटेच्या फळ्या कापल्या. जिथे आगकाडीचा फरक होता तिथे कानशीनं घासून घेतलं. कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपरा ठेवणं पॅटर्नमेकरच्या हाताला जमतच नाही, साच्यातली वाळू फाटते ना. इथे वाळू नव्हती. हाताला ते कोण सांगणार?

मला यात काही गैर वाटलं नाही. अजिबात नाही. हे मी लपवलंही नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हेच डोक्यात आलं नाही.

पाहुणे आले त्या दिवशी मला हॉलमध्ये मागच्या रांगेत बसवलं होतं. सेल्वीनं साडी नेसली होती, काठ खालून ओला, कारण बाहेर पाणी तुंबलं होतं. बोलणं इंग्रजीत, पण मेस्त्री हा शब्द दोनदा आला आणि माणसं वळून माझ्याकडे बघून हसली. शेजारच्या क्लार्कनं कानात सांगितलं, तुमची पंपाची गोष्ट सांगतेय. मी ताठ बसलो.

मग तिनं दोन्ही विटा टेबलावर शेजारी ठेवल्या आणि एक चित्र पडद्यावर मोठं करून दाखवलं. दोन्ही विटांच्या डाव्या कुशीत, एकाच जागी, एक बारीक खाच. तिनं बोट ठेवलं. क्लार्क म्हणाला, "ती म्हणतेय, ही खाच कामाची नाही, पेटी बांधायला तिचा उपयोग नाही. तरी दोघांत एकाच जागी आहे. मेस्त्री म्हणतात तशी, सारखी चूक."

ती खाच मला ओळखीची होती. सत्तावीस नंबरचा फर्मा एकदा माझ्या हातून जमिनीवर पडला होता. कडेला पत्रा दुमडला, मी ठोकून सरळ केला, तरी एक कणी राहिली. तीच कणी पटाशीला आडवी येऊन फळीला खाच पाडायची. पहिल्या विटेत पडली. त्याच फर्म्यावरून दुसरी कापली, तिच्यातही पडली. निसर्गाची नव्हती ती. माझी होती.

सेल्वीनं नकाशात तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. पण नकाशा धूसर, त्यात तिथे काही तरी होतं म्हटलं तर होतं, नव्हतं म्हटलं तर नव्हतं. एकदा लाकडात दिसल्यावर तिला ते नकाशातही दिसायला लागलं असणार, असं मी धरून चाललो.

पाहुणे उठून टेबलाजवळ आले. म्हातारा माणूस, लांब बोटं. एका हातात ही वीट, दुसऱ्या हातात ती. त्यांनी अंगठा खाचेवरून फिरवला, माझे गुरू फिरवायचे तसा. मग हॉलमध्ये बघून काही विचारलं. सरांनी तमिळमध्ये मला विचारलं, "मेस्त्री, ते विचारतायत, या दोन्ही विटा तुम्ही वेगवेगळ्या कापल्या ना? आपापल्या नकाशावरून?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. सेल्वी तर हसत होती.

मी म्हटलं, "हो सर. वेगवेगळ्या."

का म्हणालो? पुष्कळ वर्षं विचार केला. तिची जागा जाईल ही भीती होती, असं मी स्वतःला सांगत आलो. पण खरं बघायला गेलं तर आधी आली ती लाज. एवढ्या शिकलेल्या माणसांत, माझं वाक्य नुकतं हॉलभर गाजलेलं, आणि मी उभा राहून म्हणू की मेस्त्रीनं काम वाचवलं? तोंडातून आपोआप हो गेलं. पाहुण्यांनी मान डोलवली, सेल्वीशी हात मिळवला. सरांनी मला नंतर सांगितलं, सेल्वीची जागा पक्की समज.

घरी आल्यावर मी पटाश्या काढून धार लावत बसलो. बायको तंजावरच्या जुन्या मराठी घरातली, तिचं मराठी आमच्याहून वेगळं आणि तमिळच्या चालीत. थोडा वेळ बघून म्हणाली, "धार लावायला काय झालंय तिला? कुणाशी खोटं बोलून आलात काय?" मी म्हटलं, तुला काय करायचंय. ती म्हणाली, "मला कांही नको. पटाशी संपून जाईल, एवढंच."

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सेल्वी वर्कशॉपमध्ये आली, जिलेबीचा पुडा घेऊन. मी तो घेतला नाही. सत्तावीस नंबरचा फर्मा खिळ्यावरून काढला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, कडेवरून बोट फिरव.

तिनं फिरवलं. कणी लागली. एका क्षणात सगळं कळलं तिला, हुशार मुलगी होती. पत्रा तसाच धरून तिनं विचारलं, "किती फर्मे?"

"अकरा."

"आणि तुम्ही सरांना काय सांगितलंत?"

मी टेबलावरचा भुसा झटकायला लागलो.

"मेस्त्री, मी तुम्हाला विचारतेय. हॉलमध्ये काय सांगितलंत?"

"खोटं सांगितलं."

ती स्टुलावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. मी म्हटलं, मी पुन्हा करतो, एकेक काप नवीन, आठ दिवसांत. ती म्हणाली, "कराच. पण पाहुणे काल विमानात बसले."

मी रजा टाकली नाही, जेवायला गेलो नाही, दुसरी वीट कोऱ्या पत्र्यावरून नव्यानं केली. कोपरे नकाशात टोकदार होते तिथे टोकदार ठेवले, हाताची सवय आड आली तरी ठेवले. खाच गेली. खालच्या भागात बारीकसारीक फरक दिसायला लागले, जे मी घासून घालवले होते. पण दोन गुंडाळ्या तशाच, आठ पट्ट्या तशाच, क्रम तोच. सेल्वीचं म्हणणं उभं राहिलं. थोडं कमी दिमाखात, पण उभं.

तिनं पाहुण्यांना पत्र लिहिलं. खाच चुकीची होती, मॉडेल करताना झालेली, बाकीचं खरं आहे, नवीन फोटो सोबत. खोटं कोणी सांगितलं ते तिनं लिहिलं नव्हतं. पण पाहुण्यांनी तर प्रश्न मलाच विचारला होता. त्यांचं उत्तर आलं, चारच ओळींचं. सरांनी वाचून दाखवलं. खाच चुकणं मी समजू शकतो, त्यांनी लिहिलं होतं, पण मी विचारलं होतं आणि मला उत्तर मिळालं होतं. आता उरलेल्यावर मी कशाच्या आधारे विश्वास ठेवू. त्या वर्षीची जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या वर्षी बघू, असं शेवटी होतं. पुढच्या वर्षी कोणी बघितलं नाही.

सरांनी मला काही शिक्षा केली नाही. त्यांनी भिंतीवरचे सगळे फर्मे उतरवायला सांगितले. मी उतरवले, खिळेही काढले.

सेल्वी पीएच.डी. झाली. इथेच शहरात, नुंगंबाक्कमच्या बाजूला एका कॉलेजात शिकवायला लागली आणि तिथेच राहिली. पुढे काही वर्षांत इतर देशांतल्या माणसांनी हीच वीट ठिकठिकाणी शोधून काढली. उकळत्या झऱ्यात एक तिसऱ्याच जातीचे जीव राहतात, जंतूही नव्हेत आणि आपल्यासारखेही नव्हेत. त्यांच्या विषाणूंतसुद्धा तीच दुहेरी गुंडाळी निघाली. आता ते पुस्तकात आहे. त्यात सेल्वीचं नाव नाही. आणखी पुढे असंही निघालं म्हणतात की या विटा मुळात विषाणूंच्या नसाव्यात, पेशींच्या घरात दुसऱ्या कामाला असलेल्या घड्या विषाणूंनी उचलल्या आणि पेटीला वापरल्या, आणि हे एकदा नव्हे, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या घडीवर झालं. ऐकून मला वाटलं, म्हणजे निसर्गसुद्धा तयार फर्मा असताना नवीन पत्रा कापत नाही. पण निसर्गाला हॉलमध्ये उभं करून कोणी विचारत नाही. माझं तसं नव्हतं.

परवा, म्हणजे आषाढात, सेल्वी आवडीला आमच्या घरी आली. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. कॉलेजातून निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली आहेत म्हणाली. नातीनं कॉफी आणून दिली आणि फोन बघत बसली. मी मनाशी ठरवलं होतं ते विचारलं. म्हटलं, "सेल्वी, राग आहे का अजून?"

तिनं वाटीत कॉफी ओतली, पुन्हा पेल्यात ओतली. म्हणाली, "आहे. फर्म्याचा नाही. त्या तीन दिवसांचा आहे. पाहुणे इथेच होते, मेस्त्री. तुम्ही हॉलमध्ये सांगितलं असतं तर सगळे हसले असते, तेही हसले असते. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तरी मी हॉटेलवर जाऊन त्यांना भेटले असते."

मी म्हटलं, "हो."

"पण एक माझंही आहे," ती म्हणाली. "पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी नकाशा पुन्हा लावून बघितला होता. खाच नव्हती तिथे. मला दिसलं, नाहीये ते. मग मी म्हटलं, मेस्त्रीच्या हाताला लागली म्हणजे असेल. मला ती हवी होती. तुमच्या नावावर मी ती ठेवली. तेव्हा निम्मी चूक माझी आहे. तीस वर्षं तुम्ही एकटे धरून बसलात, म्हणून सांगायला आले."

नातीनं फोनमधून मान वर केली. मी कॉफी खाली ठेवली. मला बरं वाटायला हवं होतं. राग आला.

मी म्हटलं, "हे बघ, नकाशा धूसर होता. तुला दिसलं नाही ते दिसण्यासारखंच नव्हतं. पत्रा माझ्या हातून पडला, फर्मा मी पुन्हा लावला, आणि विचारल्यावर खोटं मी बोललो. यात तुझं निम्मं कुठे आलं?"

"मेस्त्री, मी बघितलं होतं म्हणतेय ना!"

"बघितलं असशील. हो कोण म्हणालं?"

ती हसायला लागली, मग डोळे पुसले. म्हणाली, "सांगून तुम्हाला कधी काही पटलंय?" जाताना मी तिला दिवाळी अंकाचं सांगितलं, यातलं लिहू का विचारलं. ती चपला घालता घालता म्हणाली, "लिहा. पण माझंही लिहा. निम्मं म्हणून."

लिहिलं आहे. ती म्हणाली तसंच्या तसं, एक शब्द न गाळता. मला ते मान्य नाही.